अप्पा, तुम्ही तो तुकडा हातात घेतलात

आदरणीय अप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुमची आठवण निघाली की अजूनही मन भरून येते, म्हणून हे आभार सर्वांसमक्ष मानत आहे. माझ्या अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिक पदार्थाच्या) चकत्या भाजल्यानंतरही सच्छिद्र का राहतात, हे विचारायला मी आधी ज्या जाणकारांकडे गेले, त्यांनी चकतीकडे न पाहताच ‘भट्टीचे तापमान वाढवा’ एवढे सांगून माझी बोळवण केली. तापमान वाढवले की चकत्या वाकत आणि छिद्रे तशीच राहत, हे ऐकून घ्यायलाही कोणाला सवड नव्हती.

तुम्ही मात्र धुळ्याच्या त्या रणरणत्या दुपारी मोडक्या चकतीचा काठ खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून कितीतरी वेळ न्याहाळत राहिलात, आणि मग काही न सांगता भिंग माझ्या हाती देऊन म्हणालात, “माय, छिद्रं केवढी आहेत ते आधी पाहा.” मी मिसळलेल्या काचेच्या भुकटीतले जाडे कण जेवढे, तेवढीच ती छिद्रे होती.

काच वितळली की अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांमधल्या अरुंद फटी केशाकर्षणाने, म्हणजे वात तेल शोषते तशा ओढीने, तिला ओढून घेतात आणि तिच्या मूळ जागी पोकळी उरते. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, त्यामुळे मोठी पोकळी सर्वांत शेवटी, आजूबाजूचे कण पुरेसे वाढल्यावरच भरते. हीच ओढ सुरुवातीला कणांना सरकवून जवळ आणते. पुढे ते जिथे एकमेकांवर दाबले जातात तिथला पदार्थ द्रवात विरघळून बाजूला पुन्हा जमतो आणि त्यांची केंद्रे जवळ येतात. सिरॅमिकशास्त्रज्ञ किंगरी यांनी १९५९ साली मांडलेला हा क्रम माझ्याच चकतीत कुठे अडला होता, ते तुम्ही मला माझ्या डोळ्यांनी पाहू दिलेत. शिकणाऱ्याच्या हाती स्वतःचे भिंग देणारी माणसे भेटतात, म्हणून आमच्यासारख्यांचे शिक्षण पुढे सरकते.

काच बारीक दळून घेतल्यावर चकत्या सपाट उतरल्या आणि सगळीकडून सारख्या आकसल्या. सुमारे ६० टक्के घनतेची, म्हणजे ४० टक्के पोकळी असलेली, कच्ची चकती पूर्ण घट्ट झाली की तिचा व्यास जवळपास १६ टक्क्यांनी घटायला हवा. आपण त्याच्या बरेच जवळ आलो आहोत. मॅग्नेशियाचे (मॅग्नेशियम ऑक्साइडचे) प्रमाण वाढवून वितळलेल्या काचेचा द्रव आणखी पातळ केला तर चकती आकार धरून राहील का, हा तुमचा प्रश्न अजून बाकी आहे. त्या चकत्या भाजून झाल्या की मोडून, तशाच घेऊन येते.

तुमची कृतज्ञ,
जळगावची एक संशोधक विद्यार्थिनी