टेबलावर नको, जमिनीवरच राहू द्या

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घेत नाहीये. त्या दिवशी बाबांनी तुमच्यापुढे हात जोडले तेव्हा तुम्ही त्यांचे हात धरून खाली केलेत आणि म्हणालात, "काका, असं नका करू, मला अवघडल्यासारखं होतं." ते लक्षात आहे. पण चार लोकांसमोर हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. दीड महिना झाला, तरी त्या सकाळबद्दल बोलायला गेले की घसा दाटून येतो. समोर येऊन धड बोलता आलं नसतं. लिहिणं त्यातल्या त्यात जमेल.

आमचा कुत्रा भुऱ्या १३ वर्षांचा आहे. आदल्या रात्री नेहमीसारखा जेवून, दाराशी एक फेरी मारून झोपला होता. सकाळी धप्प असा आवाज आला म्हणून धावत गेले, तर तो भिंतीला लागून आडवा पडलेला. उठायला जायचा आणि डाव्या अंगावर कोसळायचा. पुन्हा जोर लावायचा, पुन्हा कोसळायचा, आणि मग ओंडका घरंगळावा तसा पुरता लोळायचा. मान डावीकडे कलंडलेली, तोंडाला फेसाळ लाळ, दोनदा उलटी झालेली. आणि डोळे. बुबुळं सावकाश डावीकडे सरकायची आणि झटक्यात उजवीकडे उडी घ्यायची. परत सरकायची, परत उडी. क्षणभरही थांबत नव्हती. मी हाक मारली तर त्याने कान हलवला, म्हणजे ऐकू येत होतं, पण मी कुठे आहे ते त्याला सापडत नव्हतं. पुढच्या पायांची नखं तो फरशीत रुतवायला बघत होता. फरशीत कुठली नखं रुतायला! तो करकर आवाज दिवसभर माझ्या कानात घुमत राहिला.

घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला होता, अर्धांगवायू. बोललं मात्र कुणीच नाही.

आधी आम्ही जिथे गेलो, तिथलं थोडंच लिहिते. भुऱ्याला स्टीलच्या टेबलावर ठेवायला सांगितलं गेलं. गुळगुळीत, थंड टेबल. तो घसरत होता म्हणून दोघांनी त्याला वरून दाबून धरलं. भीतीने त्याची लघवी झाली, तर "आधी ते पुसून घ्या" एवढंच ऐकायला मिळालं. खुर्चीतून न उठता त्या गृहस्थांनी सांगितलं, "झटका आलाय. वय झालंय त्याचं. किती दिवस ओढणार? सोडवा आता त्याला." कसलंसं इंजेक्शन दिलं, कसलं ते सांगितलं नाही. डोळ्यांत बघितलं नाही, कान बघितले नाहीत. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. बाबा टेबलाच्या कडेला भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, त्यांच्याकडे तर कुणी पाहिलंसुद्धा नाही.

मला निदान चुकल्याचा राग नाही. वरवर बघणाऱ्याला हा झटकाच वाटतो, आम्हालाही तेच वाटलं होतं, आणि कुत्र्यांना मेंदूचा झटका येऊही शकतो. चूक कुणाचीही होते. पण एका जिवाला हात न लावता त्याच्या मरणाचा निर्णय देऊन टाकायचा, तोही त्याच्या माणसांच्या तोंडावर, याला मी चूक म्हणणार नाही. ते मनातून जात नाही, आणि जावं असंही मला वाटत नाही. त्यानंतर आणखी एका ठिकाणी फोन केला, तिथे "उद्या बघू" म्हणून ठेवून दिला गेला.

मग तुम्ही.

आम्ही चादरीची झोळी करून त्याला आत आणलं आणि सवयीने टेबलाकडे वळलो. तुम्ही आतून येता येताच म्हणालात, "टेबलावर नको, जमिनीवरच राहू द्या." आणि स्वतः खाली बसलात. उघड्या फरशीवर, मांडी घालून. उजवा तळवा हलकेच त्याच्या जबड्याखाली सरकवलात, डावा हात खांद्यावर ठेवलात. त्याला आवळून धरलं नाहीत, दाबलं नाहीत. त्याच्या गरगरणाऱ्या डोक्याला नुसता टेकू दिलात, आणि तशाच बसून राहिलात.

डॉक्टर, हे पत्र मी त्या तळव्यासाठी लिहितेय. औषधं दिलीत, तपासण्या केल्यात, त्या सगळ्याचे उपकार आहेतच. पण त्या वेळी मी भुऱ्याच्या पायांकडे बघत होते. सकाळपासून आकड्यासारखी वळलेली त्याची नखं हळूहळू सैल झाली. धाप कमी झाली. जबड्याचं सगळं वजन त्याने तुमच्या हातात सोडून दिलं. डोळे अजून धावतच होते, पण त्या एवढ्याशा हाताएवढी जागा तरी फिरत नाहीये, हे त्याला कळलं असावं. सकाळपासून आम्ही सगळ्यांनी त्याला उचललं, धरलं, आवरलं होतं. त्याच्या डोक्याला आधार हवाय, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाबांनी तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्याला दुखतंय का हो?" एवढंच विचारलं. तुम्ही मान वर करून त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "दुखत नाहीये, काका. त्याला भीती वाटतेय. सगळं घर आपल्याभोवती फिरतंय असं त्याला वाटतंय." बाबा तिथेच, तुमच्या शेजारी खाली बसले. गुडघ्यांमुळे ते एरवी जमिनीवर बसत नाहीत.

हात न काढताच तुम्ही आम्हाला सगळं समजावलंत. आतल्या कानात, पडद्याच्याही पलीकडे, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला निरोप जातो. दोन्ही कानांचे निरोप जुळले की तोल राहतो. एका बाजूचा निरोप अचानक बिघडला की स्थिर पडलेल्या जिवालाही आपण गरगर फिरतोय असंच वाटतं. म्हणून डोळे तसे धावतात, म्हणून बोट लागल्यासारखी मळमळ होते, म्हणून तो एकाच अंगावर पडतो. मी हे आता इतक्यांना सांगितलंय की तोंडपाठ झालंय. त्या दिवशी मात्र पहिल्यांदा कुणीतरी त्या भयानक डोळ्यांना अर्थ दिला होता, आणि अर्थ लागल्यावर माझे हात थरथरायचे थांबले.

तुम्ही त्याचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवलात. त्याने तो लगेच सरळ केला. चारही पायांचं तसंच बघितलंत. पापणी मिटतेय का, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे बघितलंत. पंजा त्याने उलटाच राहू दिला असता, किंवा डोळे वर-खाली धावत असते, तर मेंदूतल्या बिघाडाची शंका वाढली असती, असंही सांगितलंत. कानात दुर्बीण घालून आत बघण्याआधी विचारलंत, "घरी कानात थेंब वगैरे टाकले नाहीत ना?" माझ्या भावाने सकाळी बाटली शोधली होती, नशिबाने सापडली नव्हती. पडदा फाटलेला असेल तर काही थेंब आतल्या कानालाच इजा करतात, हे आम्हाला कुठे माहीत होतं! हे इथे मुद्दाम लिहितेय, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कानात जंतुसंसर्ग नव्हता. थायरॉइडसाठी रक्त घेतलंत, तेही पुढे ठीक आलं. "म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे दिसतं. व्हेस्टिब्युलर सिंड्रोम म्हणतात. बऱ्याचदा कारण सापडतच नाही," असं तुम्ही सरळ सांगितलंत. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट, साधारण तिसऱ्या दिवसापासून उतार, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री सावरतात, मान थोडी वाकडी राहू शकते, पुन्हाही होऊ शकतं. आणि लगेच हेही म्हणालात, की उतार पडलाच नाही, पाय लुळे वाटले, गुंगीत गेला किंवा फिट आली तर मेंदूचा एमआरआय करावा लागेल, तेव्हा आजच सुटलो असं समजू नका. आम्हाला खोटा धीर दिला नाहीत. जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलंत, म्हणून तुमचा शब्द आम्हाला घरापर्यंत पुरला. चार दिवस पुरला.

ते चार दिवस कसे काढले ते सगळं लिहीत बसत नाही. गादी जमिनीवर, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी. दर काही तासांनी कूस बदलायची. उचलून फिरवायचं नाही, पाय जमिनीला टेकलेले राहू द्यायचे, कारण जमीन कुठे आहे हे त्याला पायांतूनच कळतं. पोटाखालून पंचा घालून बाहेर न्यायचं. रात्री दिवा चालू ठेवायचा, कारण कान दगा देत असताना त्याची सगळी भिस्त डोळ्यांवर, अंधारात तीही जाते. शेजारच्या काकूंनी न विचारता घरातल्या सगळ्या रबरी पायपुसण्या आणून दारापर्यंत अंथरल्या. त्यांना कुत्र्यांची भीती वाटते, १३ वर्षांत त्यांनी भुऱ्याला कधी हात लावलेला नाही. तरी रोज येऊन उंबऱ्यातून विचारायच्या, "आज डोळे थांबले का गं?"

आणि रात्रभर पाळीपाळीने आम्ही तुमच्यासारखा तळवा त्याच्या जबड्याखाली ठेवून बसलो. हाताला मुंग्या यायच्या. काढला की तो डोळे उघडून चुळबुळ करायचा, परत ठेवला की निवायचा. बाबांची पाळी दोन ते पाच. एकदा तीन वाजता उठून बघितलं, तर बाबा त्याच्याशी बोलत होते. अगदी हळू, त्याच्या लहानपणच्या गोष्टी. इतकं सलग बोलताना मी त्यांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मी पुढे गेले नाही, दारातूनच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांच्या उड्या मंदावल्या. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या बोटांवरून खाल्लं. चौथ्या दिवशी भिंतीला अंग घासत, फेंगड्या पायांनी, तो स्वतःहून पाण्यापर्यंत गेला. तोंड दोनदा भांड्याच्या बाहेरच बुडवलं, तिसऱ्यांदा पाणी सापडलं. त्याच्या पाणी पिण्याच्या आवाजाला आम्ही तिघंही रडलो.

हे सगळं होत असताना मला सारखं एक वाटत राहिलं. तुम्हाला जे माहीत होतं, ते त्या आधीच्या गृहस्थांनाही माहीत असणार. पुस्तकं तीच, शिक्षण तेच. पंजा उलटा टेकवून बघायला काय वेळ लागतो? फरक पडला तो खाली बसण्याने. जी माणसं समोरच्याच्या उंचीवर येतात, मग समोर म्हातारा बाप असो की मुका जीव, त्यांच्या हातून सहसा वाईट होत नाही. दवाखान्यात आलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो. त्याच्याशी दोन वाक्यं नीट बोलायला काही लागत नाही, तरी तीच इतकी दुर्मीळ का व्हावीत? तुम्हाला हे विशेष वाटत नसेल. त्या दिवशी आमच्यानंतर बाहेर सात-आठ जण थांबले होते, त्यांच्याकडेही तुम्ही अशाच बसला असाल.

त्या आधीच्या ठिकाणी आम्ही "बरं" म्हटलं असतं तर? या विचाराने अजून रात्री जाग येते. मग उठते, भुऱ्याच्या पोटावर हात ठेवून श्वास बघते, आणि झोपते.

तो आता छान चालतो. वळताना थोडा झोकांडतो, जिने आम्हीच उतरू देत नाही. मान डावीकडे किंचित कललेली राहिली आहे, कुणी काही विचारतंय आणि त्याला ते नीट ऐकायचंय, अशी. नवी माणसं म्हणतात, किती गोड बघतो. आम्ही काही सांगत नाही. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले की तो समोर येऊन उभा राहतो आणि जबडा त्यांच्या तळव्यात ठेवतो. ही सवय त्याला आधी नव्हती.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात कान दाखवायला घेऊन येतो. बाबाही येणार म्हणतात. येताना तुमच्यासाठी सतरंजी आणतो, फरशी फार गार होती.

तुमची,
भुऱ्याच्या घरची