पोत्याखालचे पाय दाखवणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं हमाल मामा.

लातूरच्या गंजगोलाईची चित्रं पुष्कळांनी काढली आहेत. १९१७ सालची ती गोल वास्तू, मधोमध जगदंबेचं देऊळ, तिथं येऊन मिळणारे १६ रस्ते. चित्र देखणं होतंच. मला मात्र ज्या कष्टावर ही बाजारपेठ उभी राहिली, ते चित्रात हवं होतं. ते तुमच्यामुळे आलं.

ऐन सोयाबीनच्या हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असताना तुम्ही मला जुन्या आडत दुकानाच्या ओट्याशी नेलंत. ओटा बैलगाडीच्या साट्याइतकाच उंच. पोतं उचलायला नको, सरळ आत सरकवायचं. कडेचा दगड जिथं झिजून गुळगुळीत झालाय, तिथंच गाडी लागायची. ट्रक उंच, म्हणून आता फळी टाकावी लागते. त्या एका दगडावर मी सगळ्यात जास्त वेळ रंगकाम केलं.

आणि म्हणालात, "लेकरा, तोंड नंतर काढ. आधी पाय बघ. ओझं पाठीवर दिसतंय, पण तोल गुडघ्यात असतोय." तेव्हापासून माझ्या चित्रांतले हमाल चालायला लागले.

तागाची पोती जाऊन प्लास्टिकची पांढरी आली, तसा मोंढ्याचा, म्हणजे धान्यबाजाराचा, रंगच बदलला, हेही तुम्हीच सांगितलंत. मातेरं, म्हणजे मातीत मिसळलेलं धान्य, चाळणाऱ्या मावश्या, दाभण-सुतळीनं पोत्याचं तोंड शिवणारे काका तुमच्या शब्दाखातर माझ्यासमोर बसले. परक्या बाईसाठी कोण बसतं?

बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली, अडीच फुटी रुळांवरून. ब्रॉडगेज आली आणि ते रूळ गेले. तुमच्या वडिलांनी त्या डब्यांत माल भरलेला. दार किती बुटकं होतं, आत शिरताना मान कशी घालावी लागायची, हे तुम्ही स्वतः वाकून दाखवलंत. त्याशिवाय ते चित्र काढायला मी धजले नसते.

चित्रांचे फोटो नातवाच्या हाती पाठवलेत, टोळीतल्या सगळ्यांना दाखवा. तुरीची आवक सुरू झाली की मावश्यांचं मोठं चित्र घ्यायचंय. तुमच्या हमालीचा खाडा नको, भाकरीच्या सुट्टीतच येते.

तुमची,
चित्रं काढणारी भाची