रानशेणी वेचणारी हिरोईन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्या लेखकाने त्या घोडेवाल्या-गाडेवाल्या प्रेमकथा, म्हणजे पूर्वी अमेरिकेत गाड्या जुंपून पश्चिमेला वस्ती करायला निघालेल्या लोकांच्या गोष्टी, वाचणाऱ्या बायकांची जी टिंगल केलीय ती वाचून हे पत्र लिहायला बसले, नाहीतर मी काय पेपरला पत्र लिहिणारी बाई नाही. मी त्यातलीच एक. वय 63. सून रात्री मोबाईलवर काहीतरी वाचत हसायची, मी म्हटलं काय वाचायलीस गं एवढं, तर तिने मलाच नाद लावला, आता दुपारी भाकरी-बिकरी आवरली की मी चष्मा लावून बसते ते चहाच्या टायमापर्यंत.

लेखक म्हणतात त्यात नुसत्या मिठ्या आणि मावळतीचा सूर्य असतो. मिठ्या असतात, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या आधी दोनशे पानं कष्ट असतात हो! मिसुरीपासून ओरेगॉनपर्यंत जवळजवळ 3,200 किलोमीटर, चार ते सहा महिने, आणि गाड्यांना घोडे कमी, बैलच जास्त (पिक्चरमधलं सोडा), त्यात सामान इतकं की माणसं चालतच निघायची, वाटेत कॉलऱ्याने पटापट मरायची. माळावर झाडच नाही मग जळण कुठून आणणार, तर हिरोईन ओच्यात बायसनचं (तिकडच्या रानगव्याचं) वाळलेलं शेण गोळा करतीय. ते वाचलं आणि मी पुस्तक बाजूलाच ठेवलं, कारण मी मोहोळकडची, लहानपणी आईमागे उन्हातान्हात रानशेणी वेचत फिरलेली, आणि इतक्या वर्षांत एका तरी मराठी कादंबरीच्या नायिकेला रानशेणी वेचताना बघितल्याचं मला आठवत नाही. आमच्या ऐतिहासिक कादंबरीतल्या नायिका सगळ्या महालातल्या, पैठणीतल्या.

अजून एक. 1862 ला तिकडे कायदा आला की 160 एकर जमीन घ्या, पाच वर्षं राहून कसा, ती तुमची. आणि अर्ज एकटी बाई पण करू शकायची, 21 वर्षं पूर्ण झालेली बिनलग्नाची किंवा विधवा, पण नवरा असलेल्या बाईला सहसा स्वतःच्या नावावर करता यायचा नाही. म्हणजे लग्न करू का जमीन धरू, यावरच निम्म्या गोष्टी उभ्या. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या किती बायका हे वाचताना काय विचार करत असतील ते तुमच्या लेखकाला नाही कळायचं. हिंदू कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क देशभर 2005 ला मिळाला, आणि मिळाला तरी भावाकडे मागायची हिंमत किती जणींना होते ते आपण बघतोच.

आता टीका करायचीच होती तर खरी करायची, ती मीच करते. ही 160 एकर आली कुठून? लाकोटा, शायेन असल्या तिथल्या मूळच्या लोकांना हुसकून, तह करून मोडून, राखीव पट्ट्यात कोंडून. बऱ्याच पुस्तकांत हे लोक एकतर टेकडीवर दिसतात नाहीतर दिसतच नाहीत, माळ जणू देवाने रिकामाच ठेवला होता. मला हे लगेच खटकलं कारण सोलापुरात सेटलमेंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का, तारेच्या कुंपणात वस्ती, हजेरी, आणि तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला. त्या कुंपणाच्या आत पण कुणी कुणावर जीव लावलाच असेल ना? त्याची गोष्ट कुठंय?

प्रेमकथा म्हटलं की आपण नाक मुरडतो आणि दर संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला सिद्धरामेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता टाकायला लाखोंनी जातो. कुंभाराच्या पोरीचा जीव जडला, महाराजांनी योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली, याहून मोठी प्रेमकथा कुठली बे!

म्हणून माझी एकच मागणी, टिंगल छापण्यापेक्षा पुरवणीत चार कॉलम जागा द्या आणि सोलापूरच्या ऐतिहासिक प्रेमकथा मागवा. माल भरपूर आहे. अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली 1869 ला, आपल्या सोलापुरात गाडी 1860 लाच आली. मग गिरण्या, भोंगा, चाळी, 1930 चा मार्शल लॉ. माझ्या शेजारी पद्मशाली, म्हणजे विणकर घरातल्या एक आजी आहेत, आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांची आजी तेलंगणातून बैलगाडीमागे चालत आली, सोबत मोडून बांधलेला माग, आणि वाटेत एका मुक्कामाला दुसऱ्या गाडीतल्या पोराने तिला पाणी दिलं. तोच पुढे अव्वांचा आजोबा. एवढंच सांगतात आणि हसतात, पुढचं काही सांगत नाहीत. अव्वा आता नव्वदीला आल्यात, कुणी लिहिणारा असेल तर लवकर पाठवा, चहा माझ्याकडे.

आपली नेहमीची वाचक,
होटगी रोड, सोलापूर