प्लास्टर निघाल्यानंतरचे एक्स-रे

ठाणे (पश्चिम)

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

प्लास्टर निघाले, ओंकार चालूही लागला, मग पुन्हा पुन्हा एक्स-रे कशाला, असे बाबांनी फोनवर विचारले. उगाच तपासण्या करायला लावतात, ही त्यांची शंका एरवी मीही उचलून धरली असती; या वेळी मात्र तसे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा पातळ थर असतो आणि हाडाची लांबी तेथूनच वाढते. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हा थर सांध्याच्या लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडे एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांपेक्षा, कमकुवत असल्यामुळे, ज्या धडकेने मोठ्या माणसाचे लिगामेंट फाटेल, त्याच धडकेने मुलाची ग्रोथ प्लेट तुटू शकते. फुटबॉल खेळताना ओंकारच्या मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी हेच झाले. त्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ याच टोकाकडून होते, वर्षाला जवळजवळ एक सेंटीमीटर, आणि आपला ओंकार आत्ता कुठे बारा वर्षांचा आहे.

अशा फ्रॅक्चरचे पाच प्रकार सॉल्टर आणि हॅरिस या हाडांच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडले. ओंकारचा दुसरा प्रकार इतर सांध्यांजवळ बहुधा निर्धोक ठरतो, गुडघ्याजवळ मात्र त्यावर विसंबून राहता येत नाही. तुटलेले हाड उत्तम जुळले तरी त्या थराच्या आरपार हाडाचा पूल तयार होऊ शकतो. मग पाय आखूड राहतो किंवा, पूल एकाच बाजूला असेल तर, गुडघा वाकडा होत जातो. हे कळायला कित्येक महिने लागतात आणि तोवर मूल खुशाल धावत असते.

गेल्या खेपेस डॉक्टरांनी फिल्मवर पेनचे टोक ठेवून ग्रोथ प्लेटच्या वरची एक बारीक पांढरी रेघ मला दाखवली. ती प्लेटला समांतर राहून दूर सरकत गेली तर वाढ सरळ चालली आहे; तिरपी झाली तर काळजीचे. सध्या ती समांतर आहे.

आईने सुचवलेले तेल लावायला हरकत नाही, पण हाडवैद्याकडून रगडून घेणे नको. मे महिन्यात आम्ही येऊ. तोवर त्याला पोहण्याची मुभा मिळेल, असे डॉक्टर म्हणाले. आंब्यावर चढणे मात्र बंद, आणि ते त्याला बाबांनीच सांगावे, कारण माझे तो ऐकत नाही.

तुमची,
सुनंदा