बाबा, तुमच्या त्या प्रश्नाबद्दल

नागपूर, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

दिवाळीनंतर वरुडच्या स्टँडवर संत्र्यांची पिशवी माझ्या हातात देताना तुम्ही विचारलंत, "तिथं मन रमतं ना गं, की अडकलीस?" बस सुटत होती, मी नुसतं "हो" म्हटलं. ते उत्तर पुरेसं नव्हतं.

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता जनगणना केलीत, निवडणुकीची ड्युटी केलीत, खिचडीचे हिशेब लिहिलेत. आमचं मेडिकल कॉलेजात शिकवणंही तसंच आहे, बाबा. पगार वेळेवर होतो. पण वर्गात दोनशे मुलं आणि विभागात रिकाम्या खुर्च्या. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आला. तो चांगला आहे, पण प्रत्येक मुलाच्या लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सह्या करता करता संध्याकाळ होते. मे २०२५ पासून आमची हजेरीही मोबाइलसमोर चेहरा धरून लावायची. माझ्या बढतीची फाइल तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय, त्याचा त्रास होतो. तुमच्यापासून काय लपवू?

आता दुसरी बाजू सांगते. नव्या बॅचचं डिसेक्शन, म्हणजे दान केलेल्या देहाचं विच्छेदन, सुरू झालंय. पहिल्या दिवशी सगळे देहासमोर हात जोडून शपथ घेतात. परवा चार नंबरच्या टेबलावर गडचिरोलीकडची एक मुलगी तासभर काखेतली चरबी चिमट्यानं कणाकणानं बाजूला करत होती. देह टिकवणाऱ्या फॉर्मलिननं डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी मान वर केली नाही. हळूहळू हाताकडे जाणारे मज्जातंतू मोकळे झाले. पुस्तकात इंग्रजी एम अक्षरासारखी दाखवतात, अगदी तशी रचना. "मॅडम, खरंच एम आहे!" ती ओरडलीच. ज्यांनी देह दिला त्या आजोबांचं नाव या मुलांना कधी कळणार नाही. त्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरले.

फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून मांडलं, की पगार, नियम, वरिष्ठ यांनी नाराजी वाढते किंवा कमी होते, समाधान मात्र प्रत्यक्ष कामातून येतं. ही दोन वेगळी खाती आहेत. मला ते पटतं, पण एक गोष्ट मला वेगळी दिसते. पहिलं खातं दुसऱ्या खात्याचा वेळ खातं. सह्यांत गेलेली संध्याकाळ म्हणजे टेबलाशी उभी न राहिलेली मी. म्हणून जागा भरा, असं मी दर बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

आई, लग्नाकार्यात बायका "पोरीचा दवाखाना कुठं आहे?" विचारतात आणि तू गप्प बसतेस, हे मला माहीत आहे. ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवणारीला दवाखाना नसतो गं. सांग त्यांना, ती डॉक्टर घडवते. संकोच करू नकोस.

तर बाबा, मी अडकलेली नाही. मी इथंच राहणार.

तुमचा मोतीबिंदू आता पुढं ढकलू नका. शनिवारी मी न्यायला येते. इथल्या डोळ्यांच्या ओपीडीत जो रेसिडेंट डॉक्टर तुम्हाला तपासेल, त्याला डोळ्याची खोबण पहिल्या वर्षी मीच शिकवली आहे.

तुमची,
ताई