महालक्ष्म्यांना निघण्याआधी

परभणी

चि. सौ. स्वाती हिस अनेक आशीर्वाद.

गार पाणी लागलं की पुढच्या दातांतून कळ जाते, कडा पातळ होऊन आरपार दिसायला लागल्यात असं डॉक्टर म्हणाले, हे तू फोनवर सांगितलंस आणि लगेच महालक्ष्म्यांच्या सामानाच्या यादीकडे वळलीस. मला ही दोन्ही दुखणी एकच वाटतात. फोनवर तू सारखी घाईत असतेस, म्हणून कागदावर लिहिते. बसमध्ये वाच.

दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिजच. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे मोडलेलं हाड जुळतं तसं झिजलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली उतरला की ते विरघळू लागतं. कोलाचा पीएच 2.5 च्या आसपास असतो आणि लिंबाचा रसही त्याच तोडीचा. वर्गात मी मुलांकडून घोकून घ्यायची, की पीएच एका अंकाने उतरला म्हणजे आम्ल दहा पटीने वाढलं. इथे तर तीन अंकांचा फरक आहे, म्हणजे हजार पट! आपल्या स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर लिंबाची फोड पडून राहिली की तिथली चकाकी कायमची जाते ना, तसंच समज.

कोलाची बिनसाखरेची बाटली घेते म्हणून तू निर्धास्त आहेस. साखर नसली तर कीड लागायचं भय कमी, हे खरं. पण कोलातलं फॉस्फरिक आम्ल साखरेबरोबर निघून जात नाही, ते तेवढंच राहतं. आणि पितेस कशी, ते त्याहून वाईट. लाळ आम्ल धुऊन काढते, मऊ पडलेल्या थराला कॅल्शियम-फॉस्फेट परत देते, पण तिला सवड लागते. जेवणासोबत एक ग्लास पिऊन संपवलास तर ती सावरून घेते. तोच ग्लास लॅपटॉपशेजारी ठेवून दुपारभर घोट घोट घेतलास तर प्रत्येक घोटाला तिचं काम पहिल्यापासून सुरू. सकाळचं ते कोमट लिंबू-मध पाणी, तेही चवीचवीने, आणि त्यावर लगेच कडक ब्रशने खसाखसा दात घासणं! आम्लाने मऊ झालेला थर तू रोज स्वतःच्या हाताने खरवडायलीस, बाई. ते पाणी बंद कर. वजन चालण्याने उतरेल.

आता सणाचं. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी नैवेद्य होईपर्यंत घरच्या बायकांच्या पोटात अन्नाचा कण नसतो. भाद्रपदातलं ऊन, गॅसपुढची धग, पाणी प्यायचीही आठवण नाही. तोंड कोरडं पडतं, म्हणजे लाळच आटते. नेमकं तेव्हाच कुणीतरी मायेने लिंबूसोडा हातात ठेवतं, की घे, तरतरी येईल. दाताला तेव्हा राखणदारच नसतो. वरून जावईबापू सांगत होते, सण जवळ आला की तू झोपेत दात खातेस. मनावरचा ताण जबड्यात जातो हे डॉक्टरही सांगतात. मऊ पडलेले दात रात्रभर एकमेकांवर घासले की झीज किती भराभर होत असेल, तूच बघ.

म्हणून त्या दिवशी पाण्याचा तांब्या ओट्यावरच ठेव आणि येता-जाता पीत जा. उपवासाला पाणी चालतं. सरबत घ्यावंच लागलं तर नळीने घे, तोंडात घोळवू नकोस, आणि लगेच साध्या पाण्याने चूळ भर. दात मात्र तासाभराने घास, मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने. घासून झालं की फेस नुसता थुंकून टाक, खळखळून चुळा भरू नकोस. पेस्टचा थोडा अंश दातावर राहिलेला बरा. चिंच, पन्हं, मोसंबीचा रस यांनाही हाच नियम. जालन्याची मोसंबी कितीही गोड असो, तिच्यात आम्ल असतंच. रस काढण्यापेक्षा फोडी खा, आणि त्याही जेवणाबरोबर. नैवेद्याची आंबील मात्र मनाजोगी पी. ताकाचा आंबटपणा लिंबाइतका जहाल नसतो, आणि त्यात कॅल्शियम भरपूर असल्याने दाताचं कॅल्शियम ओढलं जात नाही. तुझ्या आजेसासूबाई दात शिवशिवले की मीठ-कोळसा लावायला सांगतील. त्यांचा मान राख, पण लावू नकोस. त्याने राहिलेलाही थर जाईल.

जबड्यासाठी एक सवय सांगते. जेवताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल. पोळी लाटताना मधूनच आपलं लक्ष तिकडे ने. जबडा आवळलेला सापडला की सैल सोड. रात्रीसाठी दातांवर बसवायचं कव्हर डॉक्टर मापाने करून देतात, त्याचं विचारून घे.

पण मूळ ओझं कमी केल्याशिवाय हे सगळं वरवरचं. तू पुण्याहून रात्रभर बसने अंबाजोगाईला जाणार, आवाहनाच्या सकाळी उतरणार आणि पदर खोचून थेट उभी राहणार. का बरं? सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांनाही सगळं जुन्या मापाने होणार नाही हे ठाऊक आहे. कुणीतरी आधी बोलायची वाट त्या बघत असतील. तू बोल. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या आधीच करून ठेवता येतात, त्या मी इथून करून पाठवते. सोळा भाज्यांचा निवडलेला वाटा बाजारात मिळतो, तोच आणा. पुरणपोळ्यांना अंबाजोगाईत करणाऱ्या बायका आहेत. त्यांना आत्ताच सांगून ठेवा, ऐन सणात त्या सापडत नाहीत. कोठ्या मांडणं, मखर, लायटिंग हे जावईबापू आणि दिरांचं काम, त्यांच्याकडेच राहू दे. दरवर्षी ते अर्धवट सोडतात आणि तू पुरं करतेस, ते या वर्षी करू नकोस. अर्धं राहिलं तर राहू दे. आणि सवाष्णींचं पान वाढून झालं की दोन घास स्वतः खाऊन घे, हळदी-कुंकवाच्या बायका येण्याआधी.

मूळ नक्षत्रावर विसर्जन झालं की त्याच रात्रीची बस धरायची तुझी सवय आहे. एक दिवस रजा वाढव आणि तिथेच झोप काढून निघ. पुण्याला पोहोचल्यावर दाताच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. तिकीट बदललंस की मला कळव. करंज्यांचा डबा कुणाबरोबर पाठवायचा तेही सांग.

तुझी,
आई