नावपट्ट्यांची घडी बसवून देणाऱ्या दादांस अनावृत आभारपत्र

परळ, मुंबई

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

गिरणगावातील निवृत्त कामगारांच्या मुलाखती चित्रित करून जतन करण्याचे काम आमचा लहानसा गट करतो, हे आपण जाणताच. त्या मुलाखतींच्या संकलनात आपण केलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवले आहे, कारण आपण दाखवलेल्या गोष्टी घरच्या संगणकावर संकलन करणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडतील. गोरेगावच्या एडिट रूममध्ये आठवडाभर काम करून सुटीच्या दिवशी आपण परळला येत होतात, आणि तरीही कधी घाईने आटोपते घेतले नाहीत.

आपण आल्यावर आधी एकही बटण दाबले नाहीत. प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक इफेक्ट समोर ठेवून आपण एकच प्रश्न विचारत राहिलात: याची नक्कल मुळाशी जोडलेली राहायला हवी, की सुटी? प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याचशा सोयी या एका प्रश्नाने आपोआप आपापल्या जागी बसतात, हे आम्हाला तेव्हा प्रथमच कळले.

मुलाखत देणाऱ्याची पडद्यावर दिसणारी नावपट्टी घ्या. तिच्यात नाव, गिरणी आणि खाते (गिरणीतला विभाग) एवढा मजकूर असतो. टाइमलाइनवर, म्हणजे चित्रणाचे तुकडे क्रमाने मांडतात तिथे, ऑल्ट दाबून ती ओढली की नवी प्रत तयार होते आणि तिच्यातील मजकूर बदलला तरी आधीच्या पट्टीला धक्का लागत नाही, म्हणून नावांसाठी हीच पद्धत योग्य. पण ‘१८ जानेवारी १९८२ : गिरणी संपाची सुरुवात’ ही पट्टी जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात कुठे ना कुठे येते, आणि तिचा मजकूर सगळीकडे एकसारखाच हवा असतो. ती पट्टी आपण ‘अपग्रेड टू सोर्स ग्राफिक’ करून दिलीत. आता त्या प्रोजेक्टमध्ये तिची एक प्रत दुरुस्त केली की बाकीच्या सगळ्या प्रती सुधारतात. प्रीमियरच्या जुन्या टायटलरमध्ये, म्हणजे शीर्षके बनवण्याच्या आधीच्या सोयीत, नेमका उलटा प्रकार होता, तिथे टाइमलाइनवरच्या नकला मुळाशीच बांधलेल्या असत, असे आपण सांगितलेत. २०१७ मध्ये इसेन्शियल ग्राफिक्स ही शीर्षकांची नवी सोय आली तेव्हा जुन्या संकलकांचा हात काही काळ अडखळला असेल, तर त्यात नवल नाही.

सर्वांत अधिक वेळ आपण पट्टीच्या पार्श्वभूमीवर घालवलात, आणि माझ्या मते तो सर्वांत सार्थकी लागला. ‘फिनिक्स मिल’ लिहिले की मागचा रंगीत चौकोन रिकामा दिसायचा आणि ‘इंडिया युनायटेड मिल क्रमांक १’ लिहिले की अक्षरे बाहेर पडायची. आपण तो चौकोन मजकुराच्या थराला पिन केलात, त्यामुळे नाव लांबले की चौकोनही लांबतो. पट्टी सरकत येण्याचा आणि सरकत जाण्याचा काळ ‘रिस्पॉन्सिव्ह डिझाइन’मध्ये राखून ठेवलात, म्हणून पट्टी पडद्यावर कितीही वेळ ठेवली तरी तिच्या येण्याजाण्याचा वेग बदलत नाही. देवनागरीसाठी टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ ठेवायला हवे, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते, ही सूचनाही तेव्हाचीच. मग सारे मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट म्हणून निर्यात करून दिलेत. आता आमच्यापैकी कोणीही ती पट्टी उचलतो आणि फक्त नाव टाइप करतो. अर्थात, त्या संगणकावर मुक्ता हा टंक आधी बसवलेला असावा लागतो. तो मुंबईच्याच ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेला आहे आणि विनामूल्य मिळतो.

रंगांच्या बाबतीत आपला सल्ला थोडक्यात होता. एका कॅमेऱ्याने सलग चित्रित केलेली मुलाखत टाइमलाइनवर असंख्य तुकड्यांत विभागली जाते. अशा वेळी लुमेट्रीची, म्हणजे प्रीमियरमधल्या रंगांच्या साधनाची, दुरुस्ती तुकड्यांवर न करता मूळ क्लिपवर केली, तर ती सर्व तुकड्यांना लागू होते. एका तुकड्यावरचे इफेक्ट दुसऱ्यांवर चिकटवणारे, कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही दाबून येणारे ‘पेस्ट अ‍ॅट्रिब्यूट्स’ मात्र त्या क्षणापुरतेच चालते. नंतर मूळ तुकडा बदलला तर बाकीच्यांना त्याची खबर नसते. तिथली ‘मोशन’ची, म्हणजे चित्राची जागा आणि आकार यांची, खूण काढून टाकण्याची आपली ताकीद आम्ही कसोशीने पाळतो, कारण जुन्या छायाचित्रांची चौकट प्रत्येक ठिकाणी वेगळी जुळवलेली असते.

त्याच छायाचित्रांना धूसरातून स्पष्ट करत आणणारा इफेक्ट आपण प्रीसेट, म्हणजे पुन्हा वापरता येणारी तयार मांडणी, म्हणून जतन केलात. त्या वेळी ‘अँकर टू इन पॉइंट’ निवडल्यामुळे छायाचित्र चार सेकंदांचे असो वा चौदा, ते सुरुवातीला त्याच वेगाने उलगडते. ‘स्केल’ निवडले असते तर लांब छायाचित्र उगाचच रेंगाळले असते. एवढ्याशा निवडीकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नसते.

आमच्यातील एक विद्यार्थिनी घरी केडेनलाइव्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरवर काम करते, कारण ते विनामूल्य आहे. तिला कमी लेखण्याऐवजी आपण तिच्या संगणकावरही शीर्षकाचा टेम्प्लेट बनवून दिलात. मजकुराच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि एस हे अक्षर ठेवायचे, मग प्रत्येक क्लिपच्या गुणधर्मांत खरे नाव भरायचे. तिच्या पट्ट्या आता आमच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळतात.

टेम्प्लेट, प्रीसेटची फाइल आणि टंक असे तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवून आम्ही ते गटातील सर्वांना दिले आहे. एक शंका तेवढी उरली आहे. मोबाइलच्या पडद्यावर खात्याचे नाव, विशेषतः ‘वायंडिंग’ आणि ‘साचाखाते’ ही अक्षरे, बारीक वाटतात. टंकाचा आकार वाढवावा की ती ओळ वेगळी करावी, हे आपण सवडीने पाहून कळवावे, ही विनंती. टेम्प्लेटमध्येच बदल करून तो नव्याने निर्यात करू, म्हणजे पुढच्या मुलाखतींना नवी पट्टीच मिळेल.

आपली नम्र,
मुलाखतींच्या संकलनाचे काम पाहणारी एक कार्यकर्ती